आवाज येतोय, पण चित्र कुठंय?

२००३-०४ च्या सुमारास ज्याच्या घरी काँप्युटर होता, त्याच्या घरी हा प्रसंग ठरलेलाच. मित्राकडून आणलेली सीडी घालायची, फाइलवर दोनदा क्लिक करायचं. गाणं सुरू व्हायचं आणि पडदा काळाच राहायचा. विंडोज मीडिया प्लेअर तक्रार करायचा की कोडेक नाही. कोडेक म्हणजे काय, हे फारसं कुणी विचारत नसे. तो कुठे मिळेल, एवढंच सगळे विचारायचे. पुढच्या वीस वर्षांतला बहुतेक घोळ या दुसऱ्या प्रश्नानं घातला.

फाइलच्या नावामागे 'एव्हीआय' लिहिलेलं असलं, तरी तो नुसता डबा; आत कुठली भाजी आहे ते झाकणावरून कळत नाही. चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं, आवाज दुसऱ्या. ते उलगडणारा छोटा प्रोग्राम म्हणजे कोडेक. त्या काळात सर्वात गाजला डिव्हएक्स. जेरोम रोटा नावाच्या फ्रेंच तरुणानं मायक्रोसॉफ्टचाच एमपेग-४ कोडेक फोडून त्यात फेरफार केले आणि तो लोकांच्या हाती दिला. अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीवर मावू लागला, आणि पायरेट सीडीच्या धंद्याला आणखी काय हवं होतं? पुढे रीतसर कंपनी निघाली. २००२ मध्ये डिव्हएक्स ५ आला तेव्हा त्याची 'प्रो' आवृत्ती पैसे न देता हवी असेल, तर सोबत 'गेटर' कंपनीचं जाहिरातवालं सॉफ्टवेअर घ्यावं लागे. चोरवाटेनं नव्हे, निर्मात्याच्या घरातूनच आलेला हा पाहुणा. फुकट कोडेकबरोबर काहीतरी येणारच, ही सवय लोकांना तिथून लागली असं मला वाटतं.

डिव्हएक्सला उत्तर म्हणून निघालेला एक्सव्हिड खुला आणि मोफत होता. पण त्या प्रकल्पाकडून बराच काळ फक्त सोर्स कोड मिळायचा. तयार इन्स्टॉलर बनवायचे दुसरे कुणीतरी. म्हणजे प्रामाणिक कोडेक घ्यायला निघालेल्यालाही तिऱ्हाइताच्या दारात जावं लागे. डायलअपवर रेंगाळणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना त्यातल्या त्यात 'डिजिट'सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडीचा आधार होता. निदान कुणीतरी निवडून दिलेलं असायचं.

मग कोडेक पॅकचं पीक आलं. एकेक कशाला, पन्नास एकदम घ्या! विंडोजमध्ये हे कोडेक 'डायरेक्टशो' या यंत्रणेचे फिल्टर म्हणून नोंदवले जातात आणि प्रत्येकाला एक अग्रक्रम असतो. दोन पॅक टाकले की एकाचा फिल्टर दुसऱ्याच्या डोक्यावर बसायचा, काल चालणारी फाइल आज उलटी दिसायची, आणि पॅक काढून टाकला तरी नोंदी मागे उरायच्या. शेवटी गल्लीतला काँप्युटरवाला यायचा आणि विंडोज फॉरमॅट करायचा. त्या गर्दीतही के-लाइट आणि अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी जमवलेला सीसीसीपी असे नेटके पॅक होते. एफएफडीशोसारखा एकच फिल्टर दहा कोडेकचं काम करायचा. पण शोधणाऱ्यापुढे चांगलं आणि वाईट एकाच रांगेत यायचं.

खरी सुटका वेगळ्याच दिशेनं आली. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेत १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून व्हीएलसी हा प्लेअर निघाला. २००१ मध्ये तो जीपीएल परवान्याखाली खुला झाला. त्याच्या पोटातच सगळे डीकोडर असतात. तो विंडोजच्या नोंदींत लुडबुड करत नाही, बाहेरून काही मागत नाही. २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ७ ला एच.२६४, डिव्हएक्स, एक्सव्हिड मुळातच कळत होते. वेगळा कोडेक शोधण्याची गरज इथेच जवळजवळ संपली होती.

सवय मात्र संपली नाही, आणि भामट्यांनी तीच हेरली. २००५-०६ पासून 'झ्लॉब' हा ट्रोजन नेमक्या याच वेषात फिरत होता: व्हिडिओ दिसण्यासाठी हा कोडेक टाका. याच बहाण्यानं पसरलेल्या 'डीएनएसचेंजर'नं लोकांचा इंटरनेटचा रस्ताच वळवला. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयनं एस्टोनियातली टोळी उघड केली, तेव्हा शंभरावर देशांतले सुमारे ४० लाख काँप्युटर बाधित असल्याचं सांगितलं गेलं. गुन्हेगारांचे सर्व्हर एकदम बंद केले तर या सगळ्यांचं इंटरनेटच तुटलं असतं. म्हणून त्यांच्या जागी न्यायालयाच्या परवानगीनं तात्पुरते सर्व्हर बसवले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले.

त्याच वर्षांत प्रतिष्ठित डाउनलोड साइटींचाही तोल गेला. डाउनलोड डॉट कॉमनं २०११ मध्ये दुसऱ्यांच्या प्रोग्रामना आपल्या इन्स्टॉलरचं वेष्टन चढवलं, टूलबारसकट. 'एनमॅप' या प्रोग्रामचे निर्माते गॉर्डन लायन यांनी त्यावर जाहीर ओरड केली. व्हीएलसी बनवणारी व्हिडिओलॅन ही संस्थाही आपल्या प्लेअरला कचरा चिकटवून वाटणाऱ्यांविरुद्ध बोलत होती. सोर्सफोर्जनं २०१३ मध्ये तसंच वेष्टन आणलं, गिंप या चित्र-संपादन प्रोग्रामनं काढता पाय घेतला, व्हीएलसीनंही तिथलं बिऱ्हाड हलवलं. २०१६ मध्ये मालक बदलले आणि ती योजना बंद झाली. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाणाऱ्यांच्या ब्राउझरवर तोवर चार टूलबार चढले होते.

एवढ्या उठाठेवीनंतर सल्ला एका ओळीत मावत होता: थेट निर्मात्याच्या साइटवरून घ्या. आणि २०२२ मध्ये भारतात नेमकी तीच साइट उघडेना. फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनचं संकेतस्थळ इथे अडवलेलं होतं. आम्हाला आधी कळवलंही नाही, असं संस्थेचं म्हणणं. ऑक्टोबरमध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीनं तिनं सरकारला कायदेशीर नोटीस दिली, नोव्हेंबरमध्ये अडसर निघाला. मधल्या नऊ महिन्यांत व्हीएलसी हवा असणाऱ्या अनेकांनी काय केलं असेल? सर्चमध्ये दिसेल त्या दुव्यावर टिचकी मारली असणार. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिमँटेकनं दाखवून दिलं होतं की 'सिकाडा' ही हॅकर टोळी खऱ्या व्हीएलसीच्या शेजारी आपली घातक फाइल ठेवून ती त्याच्याकरवी चालवते. प्रोग्राम अस्सल, शेजारी खोटा; म्हणून तो कुठून आला याला महत्त्व.

ते तपासणं आज अवघड राहिलेलं नाही. उतरवलेल्या इन्स्टॉलरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' उघडलं की सही कुणाची ते दिसतं, आणि निर्मात्यानं दिलेला एसएचए-२५६ आकडा विंडोजच्याच 'सर्टयुटिल' आज्ञेनं जुळवता येतो. इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून नको त्या खुणा काढायच्या, हा जुना धडा अजून कामाचा.

आता काळा पडदा परत आला आहे, तो फोनमुळे. नव्या फोनचं चित्रण बऱ्याचदा एचईव्हीसी या कोडेकमध्ये होतं. पेटंटच्या हिशेबामुळे मायक्रोसॉफ्ट त्याचं एक्स्टेन्शन आपल्या स्टोअरमध्ये ०.९९ डॉलरला विकते. एव्ही१ या दुसऱ्या कोडेकचं मात्र फुकट देते. व्हीएलसीला या दोन्हींपैकी काहीच लागत नाही, तरी लग्नाचा व्हिडिओ उघडेना झाला की लोक अजूनही 'एचईव्हीसी कोडेक फ्री डाउनलोड' असं टाइप करतात.