‘पोरगा चांगला आहे, फक्त जरा मंद आहे’

चिंचपाडा, खांडबारा, नवापूर या पट्ट्यातल्या शाळांत मुलांच्या तपासणीसाठी जातो, तेव्हा गुरुजींकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘पोरगा चांगला आहे हो, फक्त जरा मंद आहे.’ मूल चालते, बोलते, शेळ्या वळते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते. चेहऱ्यावरून काही कळत नाही. चौथीत गेले तरी वाचन अक्षर अक्षर जोडूनच चालते, आणि वीस रुपयांतून सात गेले तर किती उरले, याला उत्तर मिळत नाही. घरच्यांना यात वावगे वाटत नाही. आई-बापच शाळेत गेलेले नसतील तर तुलना तरी कशाशी करायची? अशा काही मुलांच्या बाबतीत ‘जरा मंद’ या दोन शब्दांमागे सौम्य बौद्धिक अक्षमता असते. पूर्वी आपण तिला सौम्य मतिमंदत्व म्हणत असू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मतिमंद’ हा शब्द बाजूला ठेवला, आणि ते बरेच झाले. तो शब्द शिवीसारखा वापरला जात होता.

आधी प्रमाण पाहू, कारण इथेच मोठी फसगत होते. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बौद्धिक अक्षमतेचे प्रमाण हजारी सुमारे दहा निघाले, आणि गरीब देशांत ते श्रीमंत देशांच्या जवळजवळ दुप्पट दिसले. यांतली साधारण ८५ टक्के माणसे सौम्य गटात मोडतात, असे मानले जाते. म्हणजे हजारी दहा हाच हिशेब धरला तरी दोन हजार वस्तीच्या गावात वीस माणसे, आणि त्यांतली सतरा सौम्य. आता आपली जनगणना पाहा. त्याच २०११ सालच्या जनगणनेत १२१ कोटींच्या देशात अशा व्यक्ती सुमारे १५ लाख नोंदल्या गेल्या. हजारी सव्वासुद्धा नाही! आठांतला एक मोजला गेला, सात राहिले. राहिलेले कोण असतील हे सांगायला नको. ज्याला जेवू घालावे लागते, ज्याच्या मागे सतत कोणीतरी लागते, तो प्रगणकाला दिसतो. शेळ्या वळणारा दिसत नाही.

सौम्य म्हणजे किती, हे ठरवतात कसे? सर्वसाधारण बुद्ध्यांक १०० धरतात. ७० च्या खाली अक्षमता सुरू होते आणि ५० ते ६९ हा सौम्य गट. पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही, होऊ नये. रोजच्या व्यवहारातही मूल वयाच्या मानाने मागे असले पाहिजे, आणि हे मागेपण वाढीच्या वयातच सुरू झालेले असले पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान.

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी चाचणी अल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये केली. वर्गात मागे पडणारी मुले वेळेवर ओळखावीत, त्यांना वेगळी मदत द्यावी, हा हेतू होता. ही चाचणी आपल्या मुलांसाठी बसवण्याचे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. मराठी आणि कानडी मुलांवर ती तपासून त्यांनी १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘बिने-कामत’ हे नाव दवाखान्यांत अजून ऐकू येते. व्यवहाराची पातळी पाहणारी अमेरिकेतली व्हाइनलँड मोजपट्टी भारतीय मुलांसाठी बेतली ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी. दोन्ही कामांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे, ही अभिमानाची गोष्ट.

पण धारवाड-पुण्याकडच्या मुलांसाठी बेतलेला सदरा नवापूरच्या मुलाला बसेलच असे नाही. इथे घरात मावची, भिली, कोकणी बोलली जाते. आईला ‘याहा’ म्हणणारे मूल सहाव्या वर्षी शाळेत येते आणि तिथे सगळे मराठीत. पुस्तकातली मराठी तर त्याला जवळजवळ परकीच. अशा मुलाला मराठीतून प्रश्न विचारून ‘बुद्ध्यांक ६५’ असा शिक्का मारणे म्हणजे तापमापीने वजन करण्यासारखे आहे. म्हणून या भागात मी कागदाआधी आईशी बोलतो, आणि तिच्या बोलीत बोलणारे कोणी सोबत घेतो. शेळ्या नेतो ते ठीक, पण मोजून परत आणतो का? एक कमी पडली तर त्याच्या लक्षात येते का? दुकानातून मीठ आणि तेल अशा दोन वस्तू सांगितल्या तर दोन्ही आणतो का? त्याच्याहून लहान बहीण जे आपणहून शिकली, ते त्याला दहादा सांगावे लागते का? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. भाषेची अडचण असलेले मूल घरी आणि रानात चलाख असते. बौद्धिक अक्षमता असलेले मूल शाळा, घर, रान, सगळीकडे मागे पडते.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. कान फुटून वाहणारे मूल अर्धेच ऐकते आणि बावळट ठरते. क्षणभर टक लावून थांबणारे मूल ‘लक्ष नसलेले’ ठरते, प्रत्यक्षात ती फिट असू शकते. काही मुलांची समज पूर्ण वयानुसार असते, अडते ते फक्त वाचन-लेखनात. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात, तो वेगळा प्रकार. आणि उपाशीपोटी आलेले मूल? त्याला कोणती चाचणी लावणार!

आता कारणे. तीव्र अक्षमतेत कारण पुष्कळदा सापडते, सौम्य प्रकारात मात्र अनेकदा एकच एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. काही भाग आनुवंशिक असतो, काही परिस्थितीचा, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. तरी टाळता येण्याजोगी कारणे पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीच आपल्या दाराशी आहेत. आईच्या अंगात रक्त कमी, बाळ कमी वजनाचे, कमी दिवसांचे. बाळंतपण अडले आणि बाळ उशिरा रडले, म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी पडला. जन्मानंतरची कावीळ वाढून तळव्यांपर्यंत पिवळेपणा पोहोचला तरी बाळ घरीच ठेवले. मेंदूज्वर, मेंदूत गेलेला मलेरिया. गरोदरपणातली दारू हेही एक कारण, आणि ती मोहाची असो की शहरातल्या बाटलीतली, गर्भाला फरक पडत नाही. चिंचपाड्यात जुने मिशन हॉस्पिटल आहे, सरकारी आरोग्य केंद्रेही आहेत. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर तिथे लवकर पोहोचणे हाच यांतल्या बऱ्याच गोष्टींवरचा उपाय आहे.

मिठाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. गर्भातल्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते आणि ते कमी पडले की नुकसान कायमचे होते. जगातल्या टाळता येण्याजोग्या बौद्धिक अक्षमतेचे आयोडीनची कमतरता हे एक प्रमुख कारण मानले जाते. गलगंड म्हणजे हिमालयाकडचा रोग अशी आपली समजूत, पण पूर्वीच्या धुळे जिल्ह्यातही गलगंडाचे रुग्ण आढळले आहेत, आणि १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार त्याच जिल्ह्यात होते. सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे. खाणाऱ्याच्या घरी मिठात दहा लाखांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. तरी खडे मीठ आठवडी बाजारात दिसते. त्यात पुरेसे आयोडीन आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. आणि आयोडीनचे मीठही उघडे, ओलसर जागी किंवा चुलीजवळ ठेवले तर त्यातले आयोडीन कमी होत जाते. बंद डबा, कोरडी जागा, एवढेच करायचे.

या भागात सिकलसेल पुष्कळ. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात. दुखणे आणि पंडुरोग सर्वांना माहीत असतो, पण कधी कधी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही अडतात, बाहेरून काही लक्षण न दिसता, आणि मूल हळूहळू अभ्यासात मागे पडते. सिकलसेलचे मूल शाळेत घसरू लागले तर ते ‘आजारपणामुळे बुडाले’ एवढ्यावर सोडू नये. २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणी करून घ्यावी, कार्ड जपून ठेवावे.

आणखी एक कारण आहे ते म्हणजे ओस पडलेले बालपण. आई-वडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, बाळ फडाच्या कडेला झोळीत, त्याच्याशी दिवसभर बोलणारे कोणी नाही. जमैकात १९८६ च्या सुमारास खुरटलेल्या लहान मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा जात. घरगुती खेळणी घेऊन बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे, हे आईला दाखवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ती मुले, मदत न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा, सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. खेळणी काय होती? डबे, झाकणे, चिंध्यांच्या बाहुल्या. आपल्याकडे नारळाच्या करवंट्या आणि चिंचोके आहेत!

आता मदतीकडे वळू. सौम्य अक्षमता बरी होत नाही. औषध नाही, टॉनिक नाही. ‘बुद्धिवर्धक’ बाटल्यांवर पैसे घालवू नका. पण ही माणसे शिकतात. साधारण पाचवी-सहावीच्या पातळीपर्यंतचे वाचन आणि हिशेब अनेकांना जमते, थोड्या आधाराने ती स्वतःचा संसार चालवू शकतात. मात्र शिकवण्याची रीत बदलावी लागते. एका वेळी एकच पायरी, हातात खरी वस्तू, घरची बोली, आणि पुन्हा पुन्हा तेच. वजाबाकी फळ्यावर नको, खऱ्या नोटांनी दुकानाच्या ओट्यावर. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून अशाच मुलांसाठी काम करते. वकील दाम्पत्याने ती स्वतःच्या मुलीच्या गरजेतून सुरू केली. पण प्रत्येक पाड्याला विशेष शाळा मिळणार नाही, आणि सौम्य मुलाला ती लागतेही असे नाही. गावातल्याच शाळेत, फिरत्या विशेष शिक्षकाच्या मदतीने त्याचे निभावते. अट एकच, गुरुजींनी त्याला मागच्या बाकावर बसवून विसरून जाता कामा नये.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक येते. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्या दिवशी मूल शाळेत असू द्या आणि शंका स्पष्ट बोलून दाखवा. प्रमाणपत्राबद्दल पालक बिचकतात. ‘एकदा शिक्का बसला की लग्न कसे होणार?’ भीती समजण्यासारखी आहे, पण माझे मत प्रमाणपत्र घ्यावे असेच आहे. सौम्य अक्षमता ५० टक्के धरली जाते आणि कायद्याच्या बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. दहावीच्या परीक्षेतल्या सवलती, नोकरीतले आरक्षण, संजय गांधी निराधार योजना, निरामय आरोग्य विमा, सगळ्याला तो कागद लागतो. नंदुरबारला खेपा घालताना मजुरी बुडते, हे खरे. पण वैश्विक ओळखपत्र देशभर चालते, आणि जिथे नवापूर स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे, तिथे हे महत्त्वाचे आहे.

खरी कसोटी अठराव्या वर्षानंतर लागते. मुकादम उचल देतो, कागदावर अंगठा घेतो. रक्कम किती, फिटली किती, हे या तरुणाला उमगत नाही, आणि ‘समजले का?’ विचारले तर तो ‘हो’ म्हणतो. लाज वाटते म्हणून हो म्हणायची सवय त्याला शाळेपासून लागलेली असते. म्हणून ‘समजले का’ असे विचारू नये, ‘काय समजले ते सांग’ असे म्हणावे. फोनवर आलेला ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हेही असेच पुन्हा पुन्हा घोकून घ्यावे लागते.

मुलींच्या बाबतीत धोका अधिक, आणि संरक्षणाच्या नावाखाली होणारा अन्यायही अधिक. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रियेने काढली गेली, त्यावरून मोठे वादळ उठले होते. २००९ मध्ये चंदीगडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य अक्षमता असलेल्या स्त्रीच्या संमतीविना तिचा गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तिचे म्हणणे विचारावेच लागेल, हे न्यायालयाने मान्य केले. लग्न, मूल, पैसा, सगळ्यात तिला सोप्या शब्दांत सांगून, वेळ देऊन विचारता येते.

कामाचे म्हणाल तर नवापूर परिसरात कुक्कुटपालन मोठे आहे. २००६ च्या बर्ड फ्लूमुळे ते देशभर गाजले. त्या कामात ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने करायच्या गोष्टी पुष्कळ असतात. पाणी भरायचे, खाद्य टाकायचे, अंडी उचलून तीसच्या ट्रेमध्ये लावायची. ट्रे भरला की तीस झाली, मोजायला लागत नाही. क्रम दाखवणारी चित्रे भिंतीवर लावावीत, पहिले काही आठवडे एक जुना कामगार सोबत द्यावा, आणि महिन्याचा पगार त्याच्या स्वतःच्या खात्यात जावा.