तलावाकाठची बिनविजेची खोली

मागच्या महिन्यात तीन गटांच्या बायका आमच्याकडे येऊन गेल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "आमच्याही गावाला जंगल आहे, तलाव आहे. पाहुण्यांसाठी खोली बांधली तर चालेल का? पण तिथे लाईट नाही." म्हणून आजच्या भागात आम्ही तेवढंच सांगणार आहोत. जिथे विजेची तार पोचत नाही, अशा तलावाकाठी माणूस राहतो कसा, आणि त्याला तिथे सुखरूप ठेवायला काय काय लागतं.

आधी जागा सांगतो. आमचा गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा जिल्हा. शेजारचा भंडाराही तसाच. नवेगावबांधचा तलाव तर सगळ्यांना माहीत आहे. सात टेकड्यांच्या मधलं पाणी अडवून कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं मानतात. टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलांची कोलासुर म्हणून पूजा करतात. 1975 साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. बाकी गावोगावी आहेत ते माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव. अशाच एका मामा तलावाच्या पाळीजवळ, जंगलाच्या कडेला, आमच्या गटाच्या दोन खोल्या आहेत. गावात वीज आहे. तलावाकडे खांब न्यायचे तर झाडं तोडावी लागतील, म्हणून आम्ही तार मागितलीच नाही.

आता उजेडाचं गणित. हे नीट ऐका, कारण दुकानदार "ताई, सगळं चालेल" असं सांगून मोकळा होतो. सगळं चालत नाही.

एका खोलीला रात्री काय लागतं? 5 वॉटचे दोन दिवे पाच तास, म्हणजे 50 वॉट-तास. 25 वॉटचा बॅटरीवर चालणारा पंखा आठ तास, म्हणजे 200. दोन मोबाईल चार्ज करायला साधारण 30. झाले 280. आपल्या घरच्या मीटरवर एक युनिट म्हणजे 1,000 वॉट-तास. म्हणजे पाहुण्याची अख्खी रात्र पाव युनिटाच्या थोडं वर निघते. 100 वॉटची एक सौर पाटी चांगल्या उन्हात दिवसाला साडेचार तास पुरी चालली असं धरलं तर 450 वॉट-तास देते. त्यातला तिसरा हिस्सा तारेत, धुळीत, बॅटरीत वाया जातो. उरतात 300. म्हणजे खोलीला पुरतं, पण काठोकाठ. बॅटरी 12 व्होल्टची, 75 अँपिअर-तासाची घेतली तर तिच्यात 900 वॉट-तास मावतात. पण साधी ॲसिडची बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून हाताशी 450 धरायचे. एक दिवस आभाळ आलं तर दिवे चालतील, पंख्याचं सांगता येणार नाही.

आता कोणी शहरातून पाणी तापवायची विजेची किटली घेऊन आलं तर? ती 1,500 वॉटची असते. दहा मिनिटं चालवली तर 250 वॉट-तास खाते, म्हणजे पाहुण्याच्या रात्रभराच्या पंख्याहूनही जास्त. आणि आमची बॅटरी तिला तेवढा जोर देऊच शकत नाही. म्हणून खोलीत तसा प्लगच ठेवलेला नाही, मोबाईलपुरतं बारकं सॉकेट आहे. चहा आमच्या चुलीवर होतो, मागाल तितक्या वेळा.

पाटी दक्षिणेकडे तोंड करून, साधारण 20 अंशात तिरकी बसवायची. आठवड्यातून एकदा सकाळी गार असताना ओल्या फडक्याने पुसायची. आमच्याकडे खरा त्रास धुळीचा नाही, वानरांचा आहे. छपरावर उड्या मारतात. म्हणून पाट्या वेगळ्या खांबावर लावल्या आणि खांबाला काटेरी तार गुंडाळली. बॅटरी झोपायच्या खोलीत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो; तिला बाहेर हवेशीर पेटी हवी, आणि तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, तलावाचं नाही.

पाण्याचं बोलणं लांबेल, कारण बायकांचं मरण त्यातच आहे. एका पाहुण्याला दिवसाला प्यायला, अंघोळीला, संडासाला मिळून 40 लिटर धरा. खोलीत दोघं असले तर 80 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पाच-सहा खेपा. या खेपा कोणाच्या डोक्यावर? तलाव समोर आहे म्हणून पाणी आपोआप खोलीत येत नाही. गटाच्या पहिल्याच बैठकीत आम्ही ठरवलं की पाणी वाहणं हे "घरचं काम" म्हणून फुकट धरायचं नाही. पाणी आणणाऱ्या बाईची मजुरी भाड्यातून वेगळी काढायची आणि वहीत तिच्या नावाने लिहायची. पाहुण्याला बादलीने अंघोळ मिळते. फवारा हवा असेल तर त्याने दुसरीकडे जावं. हे आम्ही फोनवर आधीच सांगतो. काही लोक येत नाहीत. चालतं.

प्यायचं पाणी विहिरीचं, आणि तेही उकळून. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, पाणी निवळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळून उकळायला हवं, आणि खळखळ सुरू झाल्यावर एक मिनिट तसंच ठेवायचं. मग झाकण आणि तोटी असलेल्या टाकीत भरायचं, म्हणजे कोणाचा हात आत जात नाही. उन्हाळ्यात तलावाच्या कडेला कधी निळसर हिरवी साय धरते, रंग सांडल्यासारखी. त्या पाण्यात विष असू शकतं आणि ते उकळल्याने जात नाही. तशी साय दिसली की पाहुण्यांनाही पाण्यात उतरू देऊ नका, गुरांनाही नाही.

साबणाचं पाणी तलावात सोडायचं नाही, हा नियम आमच्या ढिवर भावांनी घातला. तलावात त्यांची मासळी आहे, शिंगाडा आहे. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडतो आणि खड्ड्याच्या कडेला केळी लावल्या आहेत.

संडास दोन खड्ड्यांचा. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर. एक भरला की वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला दोन वर्षं हलवायचा नाही. तोवर आतल्या मैल्याची वास नसलेली माती होते. तलावाकाठी अडचण अशी की जमिनीतलं पाणी वर असतं आणि पावसाळ्यात खड्डा खालूनच भरतो. म्हणून संडास काठाला नको, खोलीच्या मागे उंचवट्यावर हवा, आणि विहिरीपासून किमान दहा मीटर लांब. आम्ही त्याहून बराच लांब ठेवला. पाहुण्याला चार पावलं जास्त चालावं लागतं, पण ती विहीर आमची पण आहे.

आता रात्रीचं सांगतो. इथे एखादी गोष्ट राहून गेली तर जीव जातो.

आपल्याकडे मण्यार आहे. काळी, अंगावर पांढरे पट्टे, रात्री फिरणारी. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास अडतो. म्हणून आमच्या खोलीत कोणी खाली झोपत नाही, मग तो कितीही "आम्हाला सवय आहे" म्हणो. खाट, आणि खाटेवर मच्छरदाणी, गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. त्याच मच्छरदाणीने हिवतापाचे डासही अडतात. संडासाला जाताना टॉर्च आणि पायात बूट, आणि बूट घालण्याआधी झटकायचे.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी करकचून बांधायची नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. माणसाला स्थिर ठेवायचं, धीर द्यायचा, चावलेला अवयव हलवू द्यायचा नाही आणि सरकारी दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावर औषध एकच, प्रतिविषाची लस, आणि ती दवाखान्यातच मिळते. आमच्याकडे खोलीत मोबाईलला रेंज नाही, पाळीवर चढलं की येते. म्हणून पाहुणा आला की पहिल्या तासात त्याला ती जागा दाखवतो. पाहुणा असेल त्या रात्री गावातली एक गाडी ठरवलेली असते, चालक दारू न पिणारा. 108 ला फोन करायचाच, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही. आणि हंगाम सुरू होण्याआधी आमच्यातली एकजण ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस आहे का ते स्वतः विचारून येते. हे काम कोणावर ढकलू नका.

दुसरा धोका थंडीतला. डिसेंबर-जानेवारीत गोंदियाचा पारा 10 अंशांच्या खाली जातो आणि पाहुणे म्हणतात, "ताई, खोलीत शेगडी ठेवा ना." कधीच ठेवायची नाही. कोळसा बंद खोलीत जळाला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बाळंतिणीच्या खोलीतही हेच लागू, हे जाता जाता सांगून ठेवतो. आम्ही दोन-दोन चादरी देतो आणि शेकायला अंगणातली चूल आहे. फेब्रुवारी अर्धा झाला की तीही जंगलाच्या बाजूने नाही, कारण वणव्याचे दिवस सुरू होतात.

मोह पडायला लागला की अस्वलं येतात. पहाटे मोह वेचताना वाकलेल्या बाईवर अस्वल येतं, हे आपल्याला शहरातल्यांनी सांगायला नको. पण पाहुण्याला ते माहीत नसतं. त्याला पहाटेचा फोटो हवा असतो. सूर्य वर येईपर्यंत आणि दिवस मावळल्यावर एकट्याने खोलीच्या कुंपणाबाहेर जायचं नाही. जायचं तर आमच्यातल्या कोणासोबत, बोलत बोलत. आणि खरकटं रात्री बाहेर ठेवायचं नाही.

मग एवढं सगळं करून हातात काय येतं? समजा एका रात्रीचे जेवणासकट 1,500 रुपये घेतले. माल 350, रांधणारीला 300, पाणी आणणारीला 150, झाडलोट आणि धुण्याचे 150, रात्री जवळ झोपणाऱ्या दोघींना मिळून 200, बॅटरीच्या निधीला 100. गटाला उरले 250. थोडे वाटतात ना? पण वरचे 800 गटाच्याच बायकांच्या घरी गेलेत. बॅटरीचे 100 मात्र कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत. चार-पाच वर्षांत बॅटरी बदलावी लागते, आणि तेव्हा पैसे नसले तर खोलीला कुलूप लागतं.

परवानगीशिवाय सुरू करू नका. जागा वनविभागाची की गावाची की खासगी, हे सातबारा बघून पक्कं करा. ग्रामसभेचा ठराव घ्या. निवास व न्याहारी योजना आहे, तिथे नोंदणी होते. राज्याने 2023 मध्ये बायकांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं आहे, त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. त्याची चौकशी पर्यटन विभागात करा आणि उत्तर लेखी घ्या. आणि आधार कार्ड बघून पाहुण्याची नोंद वहीत करायची, ओळखीचा असला तरी.

आम्हाला विचारतात, लोक कशाला येतात अशा ठिकाणी? हिवाळ्यात बदकं येतात ती बघायला येतात. काहीजण नुसते पाळीवर बसून राहतात. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. नातवाने एवढे तारे कधी बघितले नव्हते, तो आजीला "हे नेहमी असतात का" म्हणून विचारत होता. आमच्या कांताबाईने त्याला ताटात मरळीचा रस्सा वाढला आणि म्हणाली, "असतात बाळा, लाईट गेली की."

मृग लागला की आम्ही खोल्या बंद करतो. रस्ता चिखलाचा होतो, ऊन मिळत नाही आणि आमची धानाची रोवणी असते. गाद्या मोठ्या पेटाऱ्यात, त्यात कडुलिंबाचा पाला. बॅटरी गावात आणून एकीच्या घरी ठेवतो आणि महिन्यातून एकदा चार्ज करतो, नाहीतर ती पडून मरते. यंदा ज्या गटांना बघायला यायचं आहे त्यांनी दिवाळीनंतर या. येताना बूट आणा आणि टॉर्च आणा.