छठपूजा : मावळत्या सूर्याला अर्घ्य देणाऱ्या या सणात भटजी का लागत नाही?

उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात, असं आपण टोमणा मारताना म्हणतो. पण बिहार, झारखंड आणि पूर्व उत्तर प्रदेशात वर्षातली एक संध्याकाळ अशी असते, जेव्हा लोक कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मावळत्या सूर्याला हात जोडतात. तेही आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट न घेता.

हा सण म्हणजे छठ. दिवाळीनंतर येणाऱ्या कार्तिक शुद्ध षष्ठीचा. 'षष्ठी'चंच बोलीत 'छठ' झालं.

व्रत चार दिवसांचं. पहिला दिवस 'नहाय-खाय'. आंघोळ करून भात, हरभऱ्याची डाळ आणि कद्दू खायचा. हा कद्दू म्हणजे बहुतेक घरांत आपला दुधी, लाल भोपळा नव्हे. दुसऱ्या दिवशी 'खरना'. दिवसभर उपवास आणि रात्री मातीच्या चुलीवर आंब्याच्या लाकडांवर शिजवलेली गुळाची खीर. ती खाल्ली की निर्जळी उपवास सुरू, साधारण ३६ तासांचा. तिसऱ्या दिवशी मावळत्या सूर्याला अर्घ्य, चौथ्या दिवशी पहाटे उगवत्याला आणि मग पारणं. संध्याकाळचा मान प्रत्यूषेचा, सकाळचा उषेचा. या दोघी सूर्याच्या पत्नी, असं लोक मानतात.

व्रत बहुतेक ठिकाणी बायका करतात, पुरुषही करतात. अनेक घरांत ते सासूकडून सुनेकडे येतं.

नैवेद्यात मुख्य असतो ठेकुआ. गव्हाचं पीठ, गूळ आणि तूप मळून लाकडी साच्यावर दाबायचं आणि तळायचं. सोबत ऊस, केळी, नारळ, पानांसकट हळद आणि आलं. म्हणजे शेतात आणि परसात जे पिकतं ते.

आता मूळ प्रश्न. यात पुरोहित लागत नाही. व्रत करणारी बाई स्वतःच सूर्याला अर्घ्य देते. मंत्रांची जागा भोजपुरी, मैथिली, मगही गाण्यांनी घेतली आहे. या गाण्यांचा घराघरातला आवाज म्हणजे गायिका शारदा सिन्हा. ५ नोव्हेंबर २०२४ ला त्या गेल्या, तो दिवस नेमका नहाय-खायचा होता.

भटजी नसला तरी एका समाजावाचून मात्र अडतं. अर्घ्याचं सूप आणि डोक्यावरून घाटावर न्यायची बांबूची टोपली, म्हणजे 'दौरा', परंपरेने डोम समाजाचे लोक विणतात. दलितांमधला हा समाज पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसत आला. ज्या व्रतात सोवळं इतकं कडक, त्यात त्यांच्याच हातचं सूप चालतं. म्हणून छठ जातपात मानत नाही, असं दरवर्षी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सूप घरात येतं, विणणाऱ्याचं वर्षभराचं जगणं त्याने बदलत नाही. त्यात आता पितळी सुपंही आली आहेत.

आणि ही छठी मैया कोण? मराठी घरात बाळाच्या कपाळावर नशीब लिहायला सटवाई येते, ती षष्ठी देवीच. छठी मैयाही षष्ठीच, मुलांना जपणारी. नाव परकं वाटलं तरी देवी ओळखीची आहे.

दरवर्षी या दिवसांत मुंबई-पुण्याहून बिहारकडे जादा रेल्वेगाड्या सोडतात, तरी तिकीट सगळ्यांना मिळत नाही. सुट्टीही मिळत नाही. मग मुंबईत राहिलेले जुहूच्या किनाऱ्यावर जमतात. २००८ मध्ये याच पूजेवरून मुंबईत राजकारण तापलं होतं.

जुहूला संध्याकाळचं अर्घ्य सोपं पडतं, कारण सूर्य समोर समुद्रात बुडतो. पहाटे मात्र समुद्राकडे पाठ करून, शहराकडे तोंड करून उभं राहावं लागतं. सूर्योदयाची वेळ होऊन गेली तरी, तो इमारतींच्या वर येईपर्यंत.