म्हैसूरच्या पिल्लाचा परदेश प्रवास

म्हैसूर येथे ‘पीपल फॉर अ‍ॅनिमल्स’ ही संस्था जखमी प्राण्यांची शुश्रूषा करते. रस्त्यावरून वाचविलेले असे एखादे पिल्लू परदेशस्थ कुटुंबाच्या मनात भरते. तथापि विमानाचे तिकीट हा त्यातील अगदी शेवटचा टप्पा होय.

युरोपीय संघाचे नियम पाहावेत. प्रथम पंधरा अंकी मायक्रोचिप, नंतर रेबीजची लस. हा क्रम उलटल्यास लस ग्राह्य धरली जात नाही. लस बारा आठवड्यांपूर्वीची चालत नाही. त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्तनमुना घ्यावयाचा. त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवे. पुढे आणखी तीन महिने प्रतीक्षा! एवढ्यात पिल्लू जवळजवळ सात महिन्यांचे होते. तोवर त्याचा सांभाळ आणि खर्च कोणी करावयाचा, हे आधीच ठरलेले बरे. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालील श्वानांना प्रवेश नाही. कॅनडाने तर २८ सप्टेंबर २०२२ पासून भारतासह अनेक देशांतून दत्तक देण्यासाठी श्वान आणण्यावरच बंदी घातली आहे.

निघण्यापूर्वी केंद्र शासनाच्या पशु विलगीकरण सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यासाठी म्हैसूरकरांना बंगळुरू जवळचे.

व्यवहाराची एक बाब सहसा ध्यानात येत नाही. परदेशी नागरिकाची देणगी स्वीकारण्यास संस्थेची विदेशी अंशदान अधिनियम, २०१० अन्वये नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली रक्कम मात्र विदेशी अंशदान ठरत नाही.