खाडीकाठची खारफुटी : सजीव आणि परिसर यांचे नाते

- परिसंस्था : एखाद्या क्षेत्रातील सजीव आणि तेथील माती, पाणी, प्रकाश, तापमान हे अजैविक घटक यांच्या परस्परक्रियांतून घडणारी व्यवस्था; ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये मांडली.

- खारफुटी : भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात वाढणाऱ्या वृक्ष-झुडपांचा समूह; तिवर, कांदळ आणि चिप्पी हे कोकण किनाऱ्यावरील त्याचे परिचित प्रकार आहेत.

- मुळांतील भेद : तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर येऊन हवेतील ऑक्सिजन घेतात, तर कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी उतरून झाडाला दलदलीत स्थिर ठेवतात.

- क्षारांचे नियमन : तिवराची पाने जादा मीठ ग्रंथींवाटे बाहेर टाकतात, कांदळाची मुळे मात्र पाणी शोषतानाच बहुतांश मीठ अडवतात.

- अन्नसाखळी : गळलेल्या पानांचे विघटन बुरशी आणि जिवाणू करतात, त्यातून तयार होणाऱ्या सेंद्रिय कणांवर खेकडे, कोळंबी व लहान मासे पोसले जातात आणि हे जीव पुढे बगळ्यांचे व मोठ्या माशांचे भक्ष्य होतात.

- परिसरावरील परिणाम : मुळांचे जाळे गाळ धरून ठेवते व लाटांचा जोर कमी करते, तर खेकड्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळते, अशा रीतीने सजीव परिसराशी जुळवून घेतात, तसेच तो घडवतातही.

- संरक्षण : महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन (खारफुटी) वृक्ष घोषित केले, २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत झाला.