गुडघाभर पाण्यात माणूस वाहून कसा जातो?

जून संपत आला की आमच्या लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा तो मेसेज पडतोच: "संडेला कुठला धबधबा?" मग कोणीतरी काळजीचं बोलतं आणि दुसरं कोणीतरी म्हणतं, "अरे गुडघाभर तर पाणी असतं तिथे." आजची पोस्ट या "गुडघाभर" शब्दाबद्दल आहे. मी पीएचडीसाठी छोट्या डोंगरी ओढ्यांवर काम करते. पाऊस पडल्यावर ओढ्यात किती पाणी येतं आणि किती वेळात येतं, हे मोजायचं. म्हणजे सहलीचा प्रश्न थेट माझ्या टेबलावरच येऊन पडतो.

३० जून २०२४ चा रविवार आठवत असेल. लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला, धरणात येऊन मिळणाऱ्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे राहिलेले ते लोक आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. माझ्या धाकट्या भावाने तेव्हा विचारलं होतं, "ताई, पाणी काही डोक्याच्या वर दिसत नाहीये. मग उभं का राहता आलं नाही?" बातम्यांमध्ये "अतिउत्साह" वगैरे शब्द आले. मला ते आवडत नाहीत. लहान मुलांना घेऊन सहलीला आलेल्या घराने कुठलं साहस केलं नव्हतं, ते नेहमीच्या ओढ्यात उभे होते. ओढा बदलला.

आधी उभं राहण्याचं गणित. वाहतं पाणी पायांना ढकलतं. हा धक्का दोन गोष्टींवर ठरतो: पाण्यासमोर तुमचं किती अंग येतं, आणि पाण्याच्या वेगाचा वर्ग. वर्ग हा शब्द महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. समजा पाणी अर्धा मीटर खोल आहे, म्हणजे साधारण गुडघ्यापर्यंत. दोन्ही पाय मिळून रुंदी धरू ३० सेंटीमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर धक्का येतो साधारण साडेसात किलो वजनाइतका. ओढ लागते, पण उभं राहता येतं. मजासुद्धा येते. तोच वेग सेकंदाला २ मीटर झाला की धक्का ३० किलोंचा होतो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. तो कोणीतरी सतत तुमच्या नडग्यांवर आडवा रेटतंय असं समजा. पाणी मात्र अजून गुडघाभरच आहे.

याच्या विरुद्ध बाजूला काय आहे? फक्त तळपायाचं घर्षण. ६० किलोच्या माणसाचे पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले की पाणी त्याला थोडं उचलतं, म्हणजे तळव्यावर भार उरतो पन्नास-बावन्न किलोंचा. खडबडीत कोरड्या दगडावर त्यातून चांगली पकड मिळाली असती. पण शेवाळलेल्या कातळावर, त्यात रबरी चपला घालून, भाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी पकड मिळाली तरी खूप. म्हणजे पंधरा-सतरा किलो. समोरून तीस, आपल्याकडे सतरा. इथे ताकद, हिंमत, पोहता येणं यातलं काहीही मोजणीत येत नाही.

आणि कमरेइतक्या पाण्यात गेलात की आणखी वाईट. समोर येणारं अंग वाढतं आणि पाणी तुम्हाला बरंच जास्त उचलतं, त्यामुळे तळव्यावरचा भार बराच कमी होतो. तिथे सेकंदाला १ मीटर वेगही पुरतो.

यावर खरीखुरी माणसं पाण्यात उभी करून प्रयोग झालेत. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात फॉस्टर आणि कॉक्स यांनी प्रयोगशाळेतल्या कालव्यात शाळकरी मुलांचा तोल कधी जातो ते पाहिलं. (आज असा प्रयोग लिहून दिला तर आमची एथिक्स कमिटी मलाच कालव्यात सोडेल.) १९८९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला ॲब्ट आणि सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांवर तेच केलं, पुढे फिनलंडमध्येही झालं. माणसामाणसात फरक बराच येतो, पण एक गोष्ट सगळीकडे टिकून राहते. नुसती खोली किंवा नुसता वेग सांगून उपयोग नाही, दोघांचा गुणाकार बघावा लागतो. खोली मीटरमध्ये, वेग मीटर प्रति सेकंद. या सगळ्या प्रयोगांवरून ऑस्ट्रेलियात जे निकष बसवले, त्यात लहान मुलांसाठी हा गुणाकार ०.४ च्या आत हवा आणि मोठ्यांसाठी ०.६ च्या आत. ०.८ च्या पुढे मोठ्या माणसांनाही मोठा धोका, आणि १.२ च्या पुढे कोणीच उभं राहील असं धरायचं नाही. आपलं वरचं उदाहरण बघा: अर्धा मीटर गुणिले २, म्हणजे १.

आता मला या विषयातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. खोली गुणिले वेग म्हणजे नक्की काय? ओढ्याच्या एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून दर सेकंदाला जाणारं पाणी, घनमीटरमध्ये. धरणाच्या बातम्यांत जो "विसर्ग" असतो, तोच ओढ्याच्या रुंदीने भागलेला. म्हणजे माणसाचा तोल ज्या आकड्यावर जातो तो आकडा ओढ्यात न उतरता, वरच्या पावसावरून काढता येतो!

करून बघू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. धबधब्याच्या वर एक चौरस किलोमीटरचा पाणलोट आहे असं धरा, घाटमाथ्यावर हा अगदी छोटा ओढा झाला. तिथे तासाला १० मिमी पाऊस पडतोय, माती जुलैची, म्हणजे आधीच तुडुंब भिजलेली, त्यामुळे जवळजवळ सगळं पाणी खाली येणार. तासाला एक कोटी लिटर, म्हणजे सेकंदाला साधारण २८०० लिटर. तुम्ही उभे आहात तिथे ओढा ५ मीटर रुंद असेल तर दर मीटरला ०.५६. मोठ्या माणसाला जेमतेम चालेल, मुलांना आधीच नाही. आता वर एक जोराची सर आली आणि पाऊस तासाला २५ मिमी झाला. घाटमाथ्यावर जुलैमध्ये याचं कोणाला नवलही वाटत नाही. विसर्ग होतो सेकंदाला ७००० लिटरच्या आसपास, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दर दीड सेकंदाला एक. दर मीटरला १.४ च्या जवळ. उभं राहणं संपलं.

आणि रुंदीने भागतोय हे विसरू नका. तोच ओढा जिथे दोन कातळांमध्ये ३ मीटरचा होतो तिथे पहिल्या, साध्या पावसातच आकडा ०.९ च्या वर जातो. फोटो नेमका तिथेच छान येतो, हे आपलं दुर्दैव.

हे बदलायला वेळ किती लागतो? १९४० मध्ये किर्पिच नावाच्या अभियंत्याने टेनेसीमधल्या छोट्या शेती पाणलोटांवरून एक सूत्र काढलं होतं, आम्ही आजही पहिला अंदाज त्यानेच करतो. ओढ्याची लांबी दीड किलोमीटर आणि उतार ३०० मीटरचा घातला तर उत्तर येतं साधारण दहा मिनिटं. दहा मिनिटांत पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं पाणीसुद्धा तुमच्यापर्यंत पोचलेलं असतं, जवळच्या उतारांवरचं त्याच्या आधीच आलेलं असतं. सह्याद्रीत तर जागोजागी उघडा बेसाल्ट आहे, त्यावरून पाणी शेतापेक्षा लवकर धावतं. मॅगी सांगून ती येईपर्यंत ओढा दुसराच झालेला असू शकतो.

यात फसवी गोष्ट अशी की सर तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही. धबधबा दरीत असतो, पाणलोट कड्याच्या वर. वरचं आभाळ कड्यामुळे दिसत नाही. तुमच्याकडे ऊन पडलेलं असताना वर धो धो चालू असू शकतं. मी जिथे मोजमाप करते तिथले गुराखी मामा पाण्याकडे बघतच नाहीत, घाटाच्या कडेवर ढग कुठे टेकलाय ते बघतात. मी माझ्या सेन्सरचे आकडे दाखवले की हसतात आणि चहा देतात.

मग आपण काय बघायचं? एक खूण माझ्या फार उपयोगाची आहे. वाहत्या पाण्यात पाय किंवा जाड काठी उभी धरली की समोरच्या बाजूने पाणी तिच्यावर चढतं. किती चढतं ते वेगावर ठरतं. चारेक बोटं चढलं तर वेग सेकंदाला साधारण १ मीटर. वीतभर चढलं तर २ मीटर, म्हणजे गुडघाभर पाण्यातला आपला गॅस सिलिंडर. काठावरून काठी धरूनच कळतं, उतरायची गरज नाही. काठावर पोचल्यावर पाण्याच्या रेषेला लागून एखादा ओळखू येईल असा दगडही ठेवायचा. दर पाच मिनिटांनी एकाने बघायचं. दगड बुडाला, स्वच्छ पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या जास्त यायला लागल्या किंवा आवाज जाड झाला, तर सामान न आवरता बाहेर. आणि ज्या काठाने गाडीकडे जायचंय त्याच काठाला यायचं. बरेच जण पलीकडच्या काठाला अडकतात आणि मग "अजून वाढायच्या आत ओलांडू" म्हणून निघतात.

हात धरून साखळी करण्याबद्दल मला नेहमी विचारतात. प्रवाहाला आडवी साखळी केली तर प्रत्येकावर पाण्याचा पूर्ण धक्का येतो, आणि एक घसरला की त्याच्यावरचा धक्का शेजारच्याच्या हातावर. एकामागे एक, प्रवाहाच्या दिशेने ओळ केली, सगळ्यात दणकट माणूस वरच्या बाजूला ठेवला आणि मागच्यांनी त्याला खाली दाबून धरलं, तर मागच्यांना थोडा आडोसा मिळतो. काठाकडे सरकायचं ते असं, पाय न उचलता, घासत. पण हे अडकल्यावरचं आहे. याच्या भरवशावर उतरायचं नसतं.

पाय सुटलाच तर लगेच उभं राहायचा प्रयत्न करू नका. सगळ्यांना तेच करावंसं वाटतं, आणि वाहत्या पाण्यात पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की पाणी वरून दाबून माणसाला त्याच गुडघाभर पाण्यात आडवं करतं. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, तळवे वर, म्हणजे दगड आधी पायाला लागतील, डोक्याला नाही. हातांनी तिरकं काठाकडे वल्हवत राहायचं. पाणी संथ आणि उथळ झाल्यावरच उभं राहायचं.

एक वेगळं प्रकरण म्हणजे नदीवरचे बुटके बंधारे. त्यांच्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी उसळतं आणि वरच्या थरात उलटं, बंधाऱ्याकडेच परत येतं. तिथे पडलेली वस्तू गोल गोल फिरत राहते. फेसाळ पाण्यात हवा भरलेली असल्यामुळे ते माणसाला नीट तरंगवतही नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा तिथे दमून बुडतात. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

काठावर राहिलेल्यांचं काम सगळ्यात अवघड असतं, कारण डोळ्यांसमोर आपलं माणूस जात असतं. अशा घटनांमध्ये वाचवायला उडी मारणारा दुसरा बळी ठरतो ते याच गणितामुळे: जे पाणी पहिल्याला उभं राहू देत नाही, ते दुसऱ्यालाही देत नाही. फेकता येईल ते फेकायचं. झाकण लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन माणसाला तरंगायला चांगला आधार देतो. त्याला दोरी बांधलेली असेल तर फारच उत्तम. ग्रुपमध्ये एकाच्या सॅकमध्ये हे दोन्ही असायला वजन काहीच होत नाही. दोरी काठावर धरणाऱ्याने ती कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, आणि शक्य असेल तर वाहणाऱ्या माणसाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने पुढे पळत जाऊन फेकायची, कारण पाणी तुमच्यापेक्षा पुढे असतं.

फोन ११२ ला करायचा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून हा कॉल लागू शकतो, पण दरीत कधीकधी कसलीच रेंज नसते. म्हणून गाडी लावतानाच शेवटची रेंज कुठे होती ते बघून ठेवा. मदत मागताना "धबधब्याजवळ" एवढं सांगून भागत नाही, त्या भागात तसे वीस असतात. जवळच्या गावाचं किंवा वाडीचं नाव, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, आणि माणूस ओढ्याच्या कुठल्या काठाला शेवटचा दिसला, हे तीन सांगा. लोणावळ्याला 'शिवदुर्ग मित्र'सारखी स्थानिक बचाव पथकं आहेत, गावातल्या लोकांना त्यांचे नंबर माहीत असतात, त्यामुळे एकाने वाडीकडे पळत जाणं हाही फोनइतकाच कामाचा मार्ग आहे.