ट्रॉम्बोन, जॅझ आणि गोव्याचे मेस्त्री

ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य असून त्याची बाहेरची नळी पुढे-मागे सरकवून स्वर बदलला जातो. ट्रम्पेटला असतात तशा दाबायच्या कळी त्याला नसतात. सरकत्या नळीच्या सात जागा मानल्या जातात, पुढच्या प्रत्येक जागेवर नाद अर्ध्या स्वराने उतरतो आणि ओठांचा ताण बदलून त्याच जागेवर वरचे स्वर काढले जातात. या जागांच्या खुणा नळीवर नसल्याने स्वर नेमका लागला की नाही हे कानानेच ठरवावे लागते. म्हणूनच हिंदुस्थानी संगीतातील मींडेसारखी घसरण यातून सहज निघते आणि बेसूर होण्याचा धोकाही तितकाच राहतो.

जॅझमध्ये, म्हणजे ठरलेल्या चालीच्या आधारे वादकाने आयत्या वेळी विस्तार करण्याच्या अमेरिकी संगीतप्रकारात, या वाद्याला सुरुवातीपासून स्थान होते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि शहरात या संगीताची मागणी वाढली, तेव्हा ती पुरी करणाऱ्यांत गोव्याचे वादक पुढे होते. त्याचे कारण त्यांच्या शिक्षणात सापडते. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरज्ञान, पाच रेघांची स्वरलिपी आणि बहुधा व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. व्हायोलिनवरही स्वरांच्या खुणा नसतात, त्यामुळे या शाळेतून निघालेल्या मुलाच्या कानाला ट्रॉम्बोनला लागणारी शिस्त आधीच लागलेली असे.

हॉटेलातील नोकरी मात्र बेभरवशाची होती, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर रात्रीच्या मैफलींना आणखी ओहोटी लागली, तेव्हा वादक हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळले. आल्दोना येथे १९१६ मध्ये जन्मलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शाविएर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, यांनी पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना साहाय्य केले आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या गाण्यांत जॅझचा ठेका आणला. स्टुडिओत कामाची वाटणी ठरलेली असे: संगीतकार पेटीवर चाल सांगे, अरेंजर प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्र कागदावर लिहून काढी आणि वादक तो कागद पाहताक्षणी वाजवी. ट्रम्पेटवादक पीटर मोन्सोरेट यांचे चिरंजीव ब्लास्को हे हिंदी चित्रपटसंगीतातील नावाजलेले ट्रॉम्बोनवादक झाले, यावरून हा व्यवसाय घराण्याने पुढे चालत असल्याचेही दिसते.

या व्यवसायाला जोडूनच शिकवणे चाले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व अरेंजर अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) जॅझवादक नव्हते, परंतु वादक आणि शिक्षक या दोन्ही भूमिका एकाच माणसात कशा नांदत, हे त्यांच्या कारकिर्दीतून सर्वाधिक स्पष्ट होते. चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख असलेल्या वडिलांकडून मिळालेली विद्या त्यांनी मुंबईत प्यारेलाल शर्मा आणि राहुल देव बर्मन यांना दिली, आणि १९५८ मध्ये भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करवल्या. पुढे प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) गाण्यात आपल्या गुरूचे नाव अजरामर केले.

अमेरिकेत हेच काम विद्यापीठाने हाती घेतले. डेव्हिड बेकर (१९३१–२०१६) हे जॉर्ज रसेल यांच्या वृंदातील ट्रॉम्बोनवादक. १९५३ मधील मोटार अपघातात त्यांच्या जबड्याला झालेल्या इजेमुळे पुढे त्यांना हे वाद्य सोडून चेलोकडे वळावे लागले. परंतु १९६६ पासून इंडियाना विद्यापीठात त्यांनी जॅझचा अभ्यासक्रम उभा केला, पाठ्यपुस्तके लिहिली आणि एका वादकाच्या अंगचे ज्ञान शेकडो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले. वाद्य सुटले तरी विद्या टिकली, कारण तिला संस्थेचा आधार होता.

मुंबईत तसा आधार उभा राहिला नाही. विद्या घरोघरच्या शिकवण्यांतून पुढे जात होती आणि शिकणाऱ्याला तिचा मोबदला मिळत होता तो स्टुडिओच्या कामातून. १९८० नंतर सिंथेसायझरने पितळी वाद्यांची जागा घेतली, तसे ते काम आटले आणि ट्रॉम्बोन शिकण्यामागचे पोटापाण्याचे कारणच उरले नाही. म्हणून या वादकांच्या कारकिर्दीचे मोल केवळ ध्वनिमुद्रिकांवर ठरवता येत नाही. कोणी कोणाला शिकवले, ही नोंदही त्या इतिहासाचा तितकाच आवश्यक भाग ठरते.